चिप नाही, बॅटरी नाही, तरी कापलेलं हायड्रोजेल जुळतं कसं?

लातूरला आमच्या घरी रोज रात्री विरजण लावतात. कोमट दुधात चमचाभर दही, वर झाकण, बस्स. सकाळी दही घट्ट. रात्रभर कोणी हातही लावला नाही, मग हे केलं कोणी?

दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की भार कमी होतो आणि पीएच ४.६ पर्यंत येईतो गोळे एकमेकांना धरून जाळं विणतात. रासायनिक सिग्नल आला, आणि कण आपले आपणच जुळले. एवढंच. पण दही मोडलं की मोडलं, परत सांधत नाही.

सांधणारं असतं तर?

२०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (सॅन दिएगो) शायनी वर्गीस यांच्या गटाने तसं हायड्रोजेल बनवलं. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं, लांब साखळ्यांचं जाळं. त्या शोधनिबंधावर डॉ. रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांचीही नावं आहेत, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी, आपल्या एनसीएलशी, याचं नातं आहे.

या जाळ्याच्या साखळ्यांना बाजूला लवचीक 'बोटं' आहेत आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला कार्बॉक्झिल गट. कापलेले दोन तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले की समोरासमोरची बोटं हायड्रोजन बंधांनी एकमेकांत अडकतात. काही सेकंदांत! आम्लारी द्रावणात टाकलं की त्या गटांचा हायड्रोजन निघून जातो, टोकांवर ऋण भार येतो आणि तुकडे पुन्हा सुटतात. परत आम्ल, परत जोड. खरी गंमत बोटांच्या लांबीत आहे. आखूड असली तर पलीकडे पोचत नाहीत, फार लांब असली तर आपसातच गुंततात.

नांदेडला नीटच्या क्लासला असताना हायड्रोजन बंध मी एमसीक्यूपुरता पाठ केला होता. तो असा 'टाका' घालू शकतो, हे कोणी सांगितलं असतं तर कदाचित लक्षातही राहिला असता.

आता फोनशी तुलना करा. त्यात सेन्सर वेगळा, प्रोसेसर वेगळा, थरथरणारी मोटार वेगळी. इथे तिन्ही कामं एकच रेणू करतो. 'स्मार्ट' हा शब्द आजकाल बल्बलाही लावतात, पण इथे तो मला पटतो.

उपयोग कुठे? जठरात आम्ल असतंच. अल्सर फुटून तिथे भोक पडलं तर आज बहुतेकदा ऑपरेशन करावं लागतं. असं भोक बुजवायला किंवा जठरात औषध हळूहळू सोडायला हे हायड्रोजेल वापरता येईल, ही संशोधकांची कल्पना. मात्र कल्पना आणि मेडिकलच्या काउंटरवरचं औषध यांच्यात सुरक्षिततेच्या लांबलचक चाचण्या असतात. एक गोष्ट मात्र त्यांनी प्रयोगशाळेत करून पाहिली: प्लास्टिकच्या डब्याला या हायड्रोजेलचा लेप दिला, भोक पाडलं आणि आत आम्ल ओतलं. गळती त्या आम्लानेच थांबवली.