ट्रकला इतकी चाकं कशाला?

गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी कधी कधी एक गोल पाटी असते. पांढरी, लाल काठाची, आत टनांचा आकडा. म्हणजे, यापेक्षा जड गाडी आत आणायची नाही! खडी भरलेला डंपर हायवेवरून तर खुशाल धावतो. मग या रस्त्यालाच त्याचं वावडं का?

कारण रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे. डांबराखाली खडी, खडीखाली मुरूम आणि तळाला माती. हायवेचे थर चांगले जाड, गावच्या रस्त्याचे पातळ. जड चाक वरून गेलं की डांबर अगदी कणभर दबतं, चाक पुढे गेलं की पुन्हा वर येतं. आपल्या डोळ्यांना ते कळतही नाही. पण तार सारखी इकडे-तिकडे वाकवली की शेवटी तुटतेच ना? डांबरालाही अशीच बारीक भेग पडते. भेगेतून पावसाचं पाणी आत शिरतं, तळाची माती मऊ होते, आणि झाला खड्डा!

आता खरी गंमत. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ, काही रस्ते चक्क खराब करण्यासाठीच बांधले होते! कुठे जाड थर, कुठे पातळ. त्यांवर हलके-जड ट्रक गोल गोल फिरवले. चालवायला होते सैनिक. त्यातून कळलं, की रस्त्याला ट्रकच्या एकूण वजनापेक्षा एकेका ॲक्सलवरचं वजन जास्त छळतं. ॲक्सल म्हणजे डावी-उजवी चाकं जोडणारा आडवा दांडा. त्यावरचं वजन दुप्पट झालं, तर नुकसान किती? दुप्पट? छे! २ × २ × २ × २, म्हणजे साधारण १६ पट!

छोट्या कारच्या एका ॲक्सलवर जेमतेम अर्धा टन असतो. ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन, म्हणजे २० पट. आता २० हा आकडा चार वेळा मांडून गुणा: १,६०,०००! दहा टनांचा एक ॲक्सल रस्त्याला जितका त्रास देतो, तितका द्यायला कारचे दीड लाखाहून जास्त ॲक्सल लागतील.

म्हणून तर ट्रकला दहा, बारा, चौदा टायर. ॲक्सल वाढले की वजन वाटलं जातं. काही रिकाम्या ट्रकांचा एक ॲक्सल वर उचललेला असतो, त्याची चाकं अधांतरी! माल भरला की तो खाली येतो. पुलाचा हिशेब मात्र वेगळा. ट्रक अख्खा पुलावर आला की सगळं वजन पुलालाच पेलायचं असतं, चाकं कितीही असोत.

आता तुमच्यासाठी कोडं. भारतात चार टायरच्या एका ॲक्सलवर १०.२ टनांची मर्यादा होती, ती २०१८ मध्ये ११.५ टन झाली. रस्त्याचा त्रास किती पट वाढला?

(उत्तर: सुमारे १.६ पट.)