मुसळीचा शरद आणि सुरगाण्याचे रान

नाशिकच्या पश्चिमेस सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. कोकणा, महादेव कोळी व वारली समाजांची येथे वस्ती आहे. उतारावर नागली-वरई, खाचरांत भात आणि भोवती साग-ऐनाचे रान, असा या गावांचा परिसर. पावसाचे पाणी नार, पार व दमणगंगेतून पश्चिमेस वाहून जाते आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

मृगाच्या सरींबरोबर या रानात सफेद मुसळी उगवते. तिच्या कोवळ्या पानांची भाजी कुलू किंवा फोडशी या नावाने घरोघरी शिजते. पाने खुडली तरी कंद शाबूत राहतो; खरा प्रश्न कंद काढण्याच्या काळाचा आहे.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात कंद शरद ऋतूत घ्यावा, असे सांगितले आहे. आश्विन-कार्तिकात मुसळीची पाने सुकतात, बी गळून पडते, कंद पोसलेला असतो. परंतु याच सुमारास दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी सुरू होते आणि या गावांतील अनेक कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करतात. निघण्यापूर्वी दोन पैसे हाती यावेत म्हणून श्रावण-भाद्रपदातच कंद खणला गेला, तर द्रव्य अपक्व राहते आणि बीज धरण्यापूर्वीच वनस्पती नष्ट होते. याचा दोष त्या कुटुंबास देता येणार नाही. बाजार वजन पाहतो, पक्वता विचारत नाही. आणि त्या बाजाराचे अंतिम ग्राहक आपणच आहोत.

रान रिते झाले की शतावरीच्या जातीतील मुळे मुसळी म्हणून खपतात. आफ्रिकेत पायजियम वृक्षाची साल औषधी निर्यातीसाठी इतकी सोलली गेली, की 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली नियंत्रण आले.

आपल्याकडे उपाय अजून हाती आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील स्थानिकांचा हक्क मान्य केला आहे. औषधनिर्मात्यांनी ग्रामसभेशी थेट बोलणी करावीत, भाद्रपदात अग्रिम रक्कम द्यावी, केवळ शरदातील पक्व कंदास चढा दर ठेवावा आणि अंकुरासह दोन-तीन कंद जमिनीतच राखण्याची अट घालावी. वैद्यांनी द्रव्य घेताना ते केव्हा व कोठे काढले, हे विचारावे.

वनस्पतींचे नाव व रूप गुराखी आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनीच नमूद केले आहे. त्या जाणकारास शरदापर्यंत गावी थांबणे परवडावे, एवढी व्यवस्था आपल्या खरेदीतून निश्चित होऊ शकते.