स्टेबल
स्टेबल : इंग्रजी भाषेतील एक द्व्यर्थी शब्द. नाम म्हणून त्याचा अर्थ ‘तबेला, घोड्यांची पागा’ असा, तर विशेषण म्हणून ‘स्थिर, न ढळणारा’ असा होतो. वरवर पाहता हे अर्थ असंबद्ध वाटतात. परंतु दोहोंचे मूळ ‘उभे राहणे’ या अर्थाच्या ‘स्तारे’ या लॅटिन क्रियापदात आहे. ‘स्ताबुलुम’ म्हणजे उभे राहण्याची जागा, गोठा आणि ‘स्ताबिलिस’ म्हणजे भक्कमपणे उभा असलेला. हे दोन्ही शब्द प्राचीन फ्रेंचमधून इंग्रजीत आले व तेथे त्यांचे रूप एकच झाले. संस्कृत ‘स्था’ हा धातू ‘स्तारे’चा सगोत्र असून मराठीतील ‘स्थान’, ‘स्थिर’, ‘ठाणे’ हे शब्द त्याच्याशीच निगडित आहेत. हिंदीतील ‘अस्तबल’ हा शब्द मात्र लॅटिन ‘स्ताबुलुम’पासूनच, अरबीमार्गे आलेला आहे.

उत्तरकालीन रोमन साम्राज्यात शाही अश्वशाळेच्या प्रमुखास ‘कोमेस स्ताबुली’ म्हणत. ‘कॉन्स्टेबल’ हे त्याचेच परिणत रूप होय. फ्रान्समध्ये या पदास सेनापतीचा दर्जा लाभला. ते १६२७ मध्ये रद्द झाले. इंग्लंडमध्ये हे नाव राजदरबारातील मानकऱ्यापासून गावच्या शांतिरक्षकापर्यंत उतरत गेले व पुढे साध्या पोलीस शिपायास लागू झाले. ‘पोलीस ठाण्यातील कॉन्स्टेबल’ या शब्दप्रयोगात अशा रीतीने एकाच मूळ धातूच्या दोन दूरच्या शाखा एकत्र आल्या आहेत.

‘स्टॉल’ (जनावर बांधण्याचा कप्पा) हा शब्द लॅटिन नसून जर्मानिक शाखेतील आहे. ठाणावर बांधून ठेवलेला वळू घोडा तो ‘स्टॅलियन’. चर्चमधील धर्माधिकाऱ्याच्या राखीव आसनासही ‘स्टॉल’ म्हणत. त्यावर त्यास विधिपूर्वक बसविणे म्हणजे ‘इन्स्टॉल’ करणे. यंत्र बसविणे हा अर्थ नंतरचा.

‘स्ताबिलिस’पासून ‘स्टॅबिलिटी’ (स्थैर्य) व ‘एस्टॅब्लिश’ (स्थापन करणे) हे शब्द बनले. बेनिडिक्टपंथीय जोगी एकाच मठात आजन्म राहण्याची जी शपथ घेतात, तीही स्थैर्याचीच होय. विज्ञानात मात्र या शब्दाचा ‘स्टॅटिक’ (अचल) या ग्रीकोद्भव शब्दाशी घोटाळा होऊ देता कामा नये. मराठीत ‘स्थिर विद्युत्’ व ‘स्थिर समस्थानिक’ अशी दोन्हींसाठी एकच संज्ञा रूढ असल्याने ही दक्षता विशेष आवश्यक ठरते. पहिल्या संज्ञेत ‘न वाहणारी’ हा अर्थ आहे, तर दुसऱ्या संज्ञेत ‘किरणोत्सर्गाने क्षय न पावणारा’ हा. टोकावर तोलून धरलेली पेन्सिल क्षणभर अचल असते, पण स्थिर नसते; वेगाने फिरणारा भोवरा चल असूनही आपला तोल राखतो. अलेक्सांद्र ल्यापुनॉव (१८५७–१९१८) या रशियन गणितज्ञाने १८९२ मध्ये गतीच्या स्थैर्याचा जो सिद्धांत मांडला, त्यात अल्पशा विक्षोभानंतर मूळ अवस्थेच्या निकट राहणे हीच स्थैर्याची कसोटी मानली आहे. स्थैर्य म्हणजे हालचालीचा अभाव नव्हे, तर धक्का सोसूनही उभे राहण्याची क्षमता होय. आणि हा अर्थ ‘स्तारे’ या मूळ क्रियापदाशी सुसंगतच आहे.