हर-टूचं इंजेक्शन आणि पुढची तारीख

नगर जिल्ह्यातल्या बाया स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेत असल्या की त्यांच्याकडून दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. "डॉक्टरांचे उपकार, नाहीतर काय खरं होतं" ही एक, आणि "आता पुढची तारीख अमुक" ही दुसरी. सरकारी कागदावर जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं असलं, तरी पाथर्डीहून, जामखेडहून निघणारी बाई अजून "नगरला डोस आहे" असंच सांगते. तिच्या त्या पुढच्या तारखेमागे काय काय उभं आहे, तपासणीच्या कागदापासून बाटलीतल्या औषधापर्यंत, हे नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख. मला वाटतं, बाईला हे कळलं की तिच्या आशेला आधार मिळतो आणि तारीखही सहसा चुकत नाही.

सुरुवात बायोप्सीपासून. गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती खेड्यापाड्यात अजून आहे आणि तिच्यामुळे बायांचे महिनोन् महिने वाया जातात. ती भीती खोटी आहे. सुईनं काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्याचा एक छोटा ठोकळा करतात. लॅबमध्ये त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हा ब्लॉक जपायचा. नगरहून पुण्याला, बार्शीला किंवा मुंबईला टाटामध्ये गेलं की तिथले डॉक्टर पहिल्यांदा ब्लॉक आणि स्लाइड मागतात. तो हातात नसला तर एक खेप फुकट जाते.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे की नाही एवढंच बघून फाइल मिटू नये. खाली तीन नावं असतात : ईआर, पीआर आणि हर-टू. उपचाराची दिशा या तीन ओळींवर ठरते. पहिल्या दोन ओळी सांगतात की गाठ स्त्रीच्या हार्मोनवर वाढते का. तिसरी ओळ हर-टू नावाच्या प्रथिनाबद्दल असते. तिथे शून्य, एक, दोन किंवा तीन असा आकडा असतो. तीन म्हणजे पॉझिटिव्ह. शून्य आणि एक म्हणजे निगेटिव्ह. दोन आला तर निकाल अर्धवट राहतो आणि फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. ती महाग असते, वेळही खाते, म्हणून कधी कधी राहून जाते. ती राहू देऊ नये. दोन आकडा आलेल्या काही बायांना हर-टूवरचं औषध लागू पडणारं असतं, आणि फिश झाल्याशिवाय ते कळत नाही.

स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांमध्ये साधारण पंधरा ते वीस जणी हर-टू पॉझिटिव्ह असतात. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. वाढीचा निरोप पेशीच्या आत पोचवणं हे त्याचं काम. चांगल्या पेशीवरही ते असतं, साधारण वीस हजारांच्या आसपास. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये सतराव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या भरमसाट प्रती होतात आणि एकेका पेशीवर वीस लाखांपर्यंत प्रथिनं उगवतात. मग पेशीला आत "वाढ, वाढ" हा एकच निरोप सतत मिळत राहतो. म्हणून ही गाठ पूर्वी फार आडदांड समजली जायची. ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमकं याच प्रथिनाला बाहेरून जाऊन चिकटतं, निरोप अडवतं आणि शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींना ती पेशी दाखवून देतं. केमो म्हणजे सगळ्या वावरावर फवारणी, तर हे औषध म्हणजे तण ओळखून खुरपं चालवणं. त्यामुळे एकट्या ट्रास्टुझुमॅबनं केस जात नाहीत. केस जातात ते सोबतच्या केमोनं, आणि केमो संपली की परत येतात.

हे औषध जन्माला येण्यातच एका बाईच्या कृतज्ञतेचा वाटा आहे, आणि ती हकिकत इथे सांगायलाच हवी. लॉस एंजेलिसमधले डॉक्टर डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की हर-टूच्या जास्त प्रती असलेल्या बायांचा आजार लवकर उलटतो. त्यावर औषध करावं असं त्यांना वाटत होतं, पण जेनेनटेक या कंपनीचा उत्साह तेव्हा मावळला होता. याच स्लेमन यांनी ब्रँडन टार्टिकॉफ या टीव्ही क्षेत्रातल्या मोठ्या अधिकाऱ्यावर लिम्फोमाचे उपचार केले होते. त्याची पत्नी लिली टार्टिकॉफ हिनं ते उपकार मानले आणि रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीकडून संशोधनासाठी मोठा निधी मिळवून दिला. काम पुढे सरकलं. उंदराच्या प्रतिपिंडाला माणसाच्या शरीराला चालेल असं रूप देण्यात आलं, आणि आजही हे औषध हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींच्या टाक्यांमध्ये तयार होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याआधी, हे औषध उपयोगी पडेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसताना ज्या बायांनी चाचण्यांमध्ये स्वतःच्या दंडाला सुई लावून घेतली, त्यांचेही उपकार आपल्या बायांवर आहेत.

भारतात गोष्ट पैशापाशी अडली होती. रोश कंपनीच्या या औषधाच्या एका बाटलीची किंमत एके काळी लाखावर होती. २०१२ मध्ये पुण्याच्या एमक्युअर कंपनीच्या मदतीनं ते हर्क्लॉन या नावानं कमी किमतीत आलं. २०१३ मध्ये रोशनं भारतातलं पेटंट सोडून दिलं, आणि २०१४ च्या सुरुवातीला बंगळुरूच्या बायोकॉननं कॅनमॅब बाजारात आणलं. ते सुमारे पंचवीस टक्के स्वस्त होतं. नंतर आणखी कंपन्या उतरल्या आणि भाव खाली येत गेला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली. आता तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. पहिला डोस घेण्याआधीच त्याला सरळ विचारावं की हे इंजेक्शन योजनेत बसतं का, किती डोस बसतात आणि दर वेळी कोणती कागदपत्रं लागतील. चौथ्या डोसला हे विचारत बसलं तर तारीख हुकते. प्रवासाचंही तसंच. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायांना निम्मं तिकीट आहे, आणि उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत मोठी सवलत मिळते. मुंबईला मुक्काम पडला तर दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा कित्येक कुटुंबांनी पाहिलेली आहे.

आता डोसच्या दिवशी काय होतं ते जवळून बघू. औषध वजनावर ठरतं : पहिल्या वेळी किलोमागे आठ मिलिग्रॅम, पुढे दर तीन आठवड्यांनी सहा मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला पहिल्यांदा ४०० मिलिग्रॅम आणि नंतर ३००. ४४० मिलिग्रॅमच्या बाटलीत पांढरी पूड असते. सिस्टर तिच्यात सोबत आलेलं वीस मिली पाणी काचेच्या भिंतीवरून हळूच सोडतात. बाटली हलवायची नाही, तळहातात अलगद फिरवायची, कारण जोरात हलवली की फेस होतो आणि प्रथिन बिघडतं. मग पाच मिनिटं ती तशीच ठेवायची. स्वच्छ, किंचित पिवळसर झालं की ३०० मिलिग्रॅमसाठी चौदा मिलीच्या थोडं वर काढून २५० मिलीच्या साध्या सलाइनमध्ये घालतात. ग्लुकोजचं सलाइन याला चालत नाही. पहिली बाटली दीड तास चालते. त्या वेळी थंडी वाजून ताप येणं नेहमीचं आहे, घाबरून जाऊ नये, पण सिस्टरला लगेच सांगावं. पुढच्या बाटल्या अर्ध्या तासात होतात.

उरलेल्या औषधाचा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण बऱ्याच घरांत तो कोणी समजावून सांगत नाही. ४४० च्या बाटलीबरोबर येणाऱ्या पाण्यात जंतू वाढू न देणारं रसायन असतं, म्हणून उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत अठ्ठावीस दिवस टिकते. पुढचा डोस एकविसाव्या दिवशी. म्हणजे उरलेले १४० मिलिग्रॅम पुढच्या वेळी वापरता येतात. पन्नास किलोच्या बाईचा वर्षाचा अठरा डोसांचा हिशेब केला तर अठराऐवजी चौदा बाटल्यांत काम भागतं. मात्र बाटली दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, उघडल्याची तारीख लिहूनच ठेवलेली हवी. घरी नेऊ नये. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते हे सगळ्यांना माहीत आहे. १५० मिलिग्रॅमच्या लहान बाटल्या मात्र अशा साठवता येत नाहीत. तरीही ३०० च्या डोसला त्या दोन बरोबर बसतात, तेव्हा दोन्हींचे भाव विचारून मगच घ्यावं. मेडिकलमधून औषध आणताना बर्फाच्या डब्यात आणावं, पण ते गोठता कामा नये.

तारीख चुकण्याचं कारण बहुतेक वेळा कामधंद्यात असतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातून दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात. उचल घेतलेली असते, जोडीनं जावंच लागतं, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येणं होत नाही. अशा बाईचा डोस ठरल्या दिवसापासून आठवड्याहून जास्त लांबला तर पुन्हा किलोमागे आठ मिलिग्रॅमचा मोठा डोस द्यावा लागतो. खर्चही वाढतो. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगावं, "आमचा हंगाम आहे." बाई ज्या साखर कारखान्याच्या परिसरात जाणार असेल, तिथल्या जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या नावे चिठ्ठी घेता येते. वर्ष पुरं करणं शक्यच नसेल तर तेही लपवू नये. ब्रिटनमध्ये चार हजारांवर बायांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांचा उपचार वर्षभराच्या उपचाराहून फारसा कमी पडला नाही. प्रमाण मानला जातो तो अजून वर्षभराचाच. कमी करायचा झाला तर डॉक्टरांशी बोलून ठरवावा, मधूनच गायब होऊन नाही.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायची गोष्ट. आपली बाई उपकार मानणारी असते, आणि त्यापायी ती गप्प बसते. "एवढं केलं डॉक्टरांनी, आता कशाला कटकट करू?" हे औषध काही जणींच्या हृदयाची ताकद कमी करतं. हृदयाच्या पेशींनाही हर-टूची गरज असते, म्हणून हे होतं. डोस सुरू होण्याआधी आणि मग दर तीन महिन्यांनी टूडी इको करतात ते त्यासाठीच. दोन इकोंच्या मधल्या काळात जिना चढताना दम लागणं, पायावर सूज येणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, रात्री उशी उंच करावी लागणं, यातलं काहीही झालं तर सांगायचंच. वेळेवर कळलं तर डोस काही आठवडे थांबवतात, गोळ्या देतात, आणि बहुतेक जणींचं हृदय पूर्वपदावर येतं. पुष्कळदा उपचार पुन्हा सुरूही करता येतो. डॉक्टरांचा मान राखायचा असेल तर त्यांना खरं सांगणं यासारखा दुसरा मार्ग नाही. तरुण बायांनी आणखी एक लक्षात ठेवावं : उपचार चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतर सात महिने दिवस जाऊ देऊ नयेत. सुनेला हे सासूसमोर विचारता येत नाही, तेव्हा सिस्टरनं तिला बाजूला घेऊन सांगायला हवं.

आशा किती ठेवावी? अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचा दहा वर्षांनंतरचा हिशेब असा आहे : ऑपरेशन झालेल्या हर-टू पॉझिटिव्ह बायांपैकी नुसती केमो घेतलेल्या शंभरातल्या पंचाहत्तर जणी दहा वर्षांनी जिवंत होत्या, तर ट्रास्टुझुमॅबही घेतलेल्या चौऱ्याऐंशी. शंभर जणींमागे नऊ संसार. आजार हाडांत किंवा फुप्फुसांत पसरलेला असेल तर हे औषध तो मुळापासून काढेलच असं नाही, पण वर्षं वाढवतं, आणि ती वर्षं हिंडत-फिरत काढता येतात. पूर्वी असं सांगता येत नव्हतं.

ज्यांचा हर-टू निगेटिव्ह आहे त्यांनी हे वाचून मन खट्टू करू नये. ईआर पॉझिटिव्ह असलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनसारखी गोळी मिळते. रोजची एक, पाच ते दहा वर्षं, अगदी थोड्या पैशांत. तीही नेमक्या जागी वार करणारीच आहे आणि या सगळ्यांत जुनी आहे. बाटली लावली की उपचार झाल्यासारखं वाटतं, गोळीचं तसं वाटत नाही, म्हणून ती दोन वर्षांत सुटते. हे नुकसान फार मोठं आणि अगदी टाळता येण्यासारखं आहे.

अठरावा डोस झाला की पेढे वाटले जातात. त्यानंतर बऱ्याच जणींना विचित्र भीती वाटते : आता बाटली नाही, आता मला कोण राखणार? ते स्वाभाविक आहे. पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम, एवढ्या तारखा हातात उरतात.

या उपकारांचे पांग कसे फेडायचे, असं पुष्कळ जणी विचारतात. त्याला एक सरळ वाट आहे. टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायांचा वीस वर्षं अभ्यास केला. साधारण दहावी शिकलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले. २०२१ मध्ये त्याचा निकाल आला. तपासणी झालेल्यांमध्ये गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. तिशीच्या पुढच्या बायांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करायची तरतूद आहे, पण लाजेपायी बाया जात नाहीत. उपचार घेऊन उठलेली बाई शेजारणीचा हात धरून आशाताईंकडे घेऊन गेली, तर शेजारीण जाते.