बियाण्यांतील ओल आणि चकाकणारा पापुद्रा

बियाणें बिघडतें तें बहुधा डोळ्यांदेखत बिघडत नाहीं. महसुलाची कारकुनी सोडून आम्हीं शेतीकडे लक्ष घातलें, त्या पहिल्याच वर्षीं कांद्याचें बीं डब्यांत भरून, झांकण घट्ट लावून आम्ही निश्चिंत राहिलों. पेरतेवेळीं पाहावें तों रंगरूप जसेंच्या तसें. परंतु वाफ्यांत मूठभर रोपेंही उठलीं नाहींत. बीं पुरतें वाळलें नव्हतें. ओल आम्हींच आंत कोंडली होती. हवाबंद डब्यासाठीं कांद्याच्या बियांतील ओल शेंकडा ६ हून अधिक नसावी, हें मानक आम्हांस मागाहून कळलें.

बीं भोंवतालच्या हवेंतून ओल घेतें व तींत सोडतेंही. म्हणून डब्यांतील हवेची आर्द्रता कळली कीं बियाण्याची स्थिति कळते. परंतु झांकण उघडावें तर पावसाळी हवा आंत शिरते, ही अडचण.

या अडचणीवर शास्त्रज्ञांनीं योजलेला एक उपाय वाचकांपुढें ठेवतों. बहुवारिक पदार्थाच्या पातळ पापुद्र्यांत प्रतिदीप्त रंगद्रव्य मिसळतात. त्यावर जांभळा वा अतिनील प्रकाश टाकला कीं तें निराळ्या रंगानें चकाकतें. पापुद्रा हवेंतील बाष्प शोषून फुगतो, रंगद्रव्याच्या कणांभोंवतीं पाणी जमतें, आणि त्यामुळें चकाकी मंद होते, वाढते किंवा तिचा रंग पालटतो. पापुद्रा कांचेच्या बरणींत आंतून लावला तर तार नको, झांकण उघडणें नको. बाहेरूनच पाहतां येतें.

दोषही सांगितले पाहिजेत. प्रकाशानें रंगद्रव्य हळूहळू विटतें, आणि उष्णमानानेंही चकाकी बदलते. म्हणून पापुद्रा आधीं पारखून घ्यावा लागतो; मिठाच्या संपृक्त पाण्यावरील कोंडलेल्या हवेची आर्द्रता सुमारें शेंकडा ७५ असते, तिचा या कामीं उपयोग होतो.

तोंपर्यंत धान्यासाठीं घरगुती परीक्षा आहे. कोरड्या कांचेच्या बाटलींत तिसरा हिस्सा धान्य व दोनतीन चमचे कोरडें मीठ घालून, बूच लावून मिनिटभर हलवावें व पाव तास ठेवावें. मीठ कांचेस चिकटलें तर ओल शेंकडा १५ हून अधिक समजावी. न चिकटलें तरी तेवढ्यावर बियाणें कोंडूं नये; आणखी वाळवावें. सावलींतले दोन दिवस वांचवून आम्हीं एक हंगाम गमावला. वाचकांनीं तसें करूं नये.