खरेदी खात्यातली नोकरी : पगार किती आणि कशावर?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली, मुलांना खाऊ वाटून झाला आणि एक माऊली पिशवीतून कागद काढीत आमच्याजवळ आल्या. "जयभीम दादा. पोराला नोकरी लागली. पण काय म्हणून लागला, तेच घरात कोणाला नीट सांगता येईना. तेवढं वाचून दाखवा." पत्र इंग्रजीत होते. पद लिहिले होते 'प्रोक्युअरमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', आणि पगार वर्षाला तीन लाख रुपये. मुलाच्या वडिलांची सारी उमर रेल्वेच्या कारखान्यात गेली. त्यांना आकडा मोठा वाटला. शेजारी पेढे वाटूनही झाले होते.

आम्ही पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना वाटले, की हे एका घरापुरते नाही. आपल्या बी.कॉम. झालेल्या, पदविका घेतलेल्या कितीतरी मुलामुलींच्या हाती अशी पत्रे पडत आहेत. तेव्हा जरा सविस्तर लिहावे.

प्रोक्युअरमेंट म्हणजे खरेदी. नाव नवे, काम जुने. कारखान्याला, इस्पितळाला, रेल्वेला काय लागते त्याचे मागणीपत्र येते. मग दुकानदारांकडून, कंपन्यांकडून दरपत्रके मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, साहेबाची सही घ्यायची, पुरवठ्याचा आदेश काढायचा. माल आला की चलन, बिल आणि स्टोअरची पावती ताडून पाहायची, आणि मगच बिल पुढे पाठवायचे. आपल्या आयाबहिणी महिन्याच्या बाजाराला तीन दुकानांत भाव विचारून चौथ्यात तेल घेतात, ते हेच काम. फरक इतकाच, की तिथे प्रत्येक पायरीचा कागद ठेवावा लागतो आणि पाच वर्षांनीसुद्धा ऑडिटवाला तो मागू शकतो.

ही खुर्ची पूर्वी आपल्याला सहसा मिळत नसे. खरेदी म्हणजे 'विश्वासाची जागा'. शेटजींचा भाचा, मॅनेजरचा गाववाला तिथे बसायचा. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक आहे. विणखात्यात पगार बरा, पण अस्पृश्य कामगाराला तिथे घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळेल, हे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. गिरणी तीच, भोंगाही तोच, पण कोणत्या खात्याचे दार उघडे आहे त्यावर पगार ठरत होता. खरेदीच्या पगाराचेही मर्म तेच आहे. हातून किती लाखांचा माल जातो याच्याशी पगाराचा फारसा संबंध नसतो. आपण कोणत्या दाराने आत गेलो, यावर तो ठरतो.

पहिले दार सरकारी परीक्षेचे. अणुऊर्जा विभागाचे खरेदी व भांडार संचालनालय आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. तिथे 'कनिष्ठ खरेदी सहायक' आणि 'कनिष्ठ भांडारपाल' ही पदे भरली जातात. २०२३ च्या जाहिरातीत साठ टक्के गुणांसह विज्ञान किंवा वाणिज्य शाखेची पदवी, अथवा अभियांत्रिकीच्या काही शाखांची पदविका मागितली होती. वयाची अट १८ ते २७, अनुसूचित जातींना पाच वर्षे सवलत. मूळ वेतन २५,५०० रुपये.

आता हे २५,५०० म्हणजे हाती २५,५०० नव्हेत, हे समजून घ्या. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता १४,७९० होतो. मुंबईत क्वार्टर न मिळाल्यास घरभाडे ३० टक्के, म्हणजे ७,६५०. प्रवास भत्ता त्याच्या महागाईसह ५,६८८. बेरीज ५३,६२८. त्यातून पेन्शन योजनेचे दहा टक्के, म्हणजे ४,०२९ कापले गेले तरी ४९ हजारांच्या वर राहतात. इतर किरकोळ कपाती निराळ्या. हाच माणूस लहान गावी बदलून गेला तर घरभाडे दहा टक्क्यांवर येते, प्रवास भत्ता निम्मा होतो, आणि ती ५३,६२८ ची बेरीज ४५,६८४ वर उतरते. काम तेच, जवळजवळ आठ हजारांचा फरक फक्त गावाचा. अर्थात मुंबईत ते आठ हजार खोलीच्या भाड्यातच जातात, हे आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावे!

रेल्वेत याहून वरचे दार आहे, आणि त्याची माहिती आपल्या मुलांना फार कमी असते. ज्युनियर इंजिनियरच्या जाहिरातीतच 'डेपो मटेरियल सुपरिंटेंडेंट' हे पद असते. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेची पदविका चालते, मूळ वेतन ३५,४००. वरच्याच हिशेबाने मुंबईत एकूण ७२,२४० होतात. मुले फॉर्म भरताना आपल्या शाखेचे नाव शोधतात आणि ही ओळ सोडून देतात. मेकॅनिकलवाल्याने स्टोअरमध्ये कशाला जायचे, असे त्यांना वाटते. राज्य सरकारात लिपिक म्हणून लागलेला मुलगाही पुढे खरेदीच्या टेबलावर येऊ शकतो. तिथे सुरुवात १९,९०० च्या मूळ वेतनावर.

या दाराची एक तारीख आपण विसरता कामा नये. धर्मांतरित बौद्धांना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींचे आरक्षण मिळू लागले ते १९९० च्या कायदादुरुस्तीने. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे, दीक्षा घेतल्याचे कागदावर खरे लिहिणाऱ्यास रेल्वेतली, अणुऊर्जेतली राखीव जागा नव्हती. म्हणून आपल्या अनेक घरांत या खुर्चीवर बसलेली ही पहिलीच पिढी आहे.

आता त्या माऊलीचे पत्र. वर्षाला तीन लाख म्हणजे महिन्याला पंचवीस हजार, असा हिशेब घरात झाला होता. पण पत्रात शब्द होता 'सी.टी.सी.', म्हणजे मुलगा ठेवायला कंपनीला येणारा सारा खर्च. आम्ही वहीच्या पाठीवर आकडे मांडले. मूळ पगार निम्मा, १२,५०० असे पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होते. त्यावर कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी बारा टक्क्यांनी १,५००. ग्रॅच्युइटीसाठी धरलेले सुमारे ६००. हे दोन्ही पंचवीस हजारांतच मोजलेले. राहिले २२,९००. त्यातून मुलाच्या वाट्याचा फंड पुन्हा १,५०० आणि व्यवसाय कर २००. हाती येणार २१,२०० च्या आसपास. फंड वाया जात नाही, तो मुलाचाच आहे. पण घरभाडे आणि किराणा फंडातून भरता येत नाही.

माऊली काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे पेढे जास्तीचे वाटले म्हणायचे."

त्याहून मोठी गोष्ट पत्राच्या डोक्यावर होती. पत्र कारखान्याचे नव्हतेच. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे होते, अकरा महिन्यांचे. बसायचे कारखान्याच्या खरेदी खात्यात, पण नोकर ठेकेदाराचा. शेजारच्या टेबलावर कायम माणूस तोच तक्ता करणार आणि त्याचा पगार, बोनस, रजा सारे वेगळे. खरेदीच्या कामात पगार ठरवणारी सर्वांत मोठी बाब आज हीच आहे, पदवी नव्हे. सरकारी कचेऱ्यांतही हे शिरले आहे, आणि ठेकेदारामार्फत भरलेल्या जागेला बिंदुनामावली लागत नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा भरतीसाठी काढलेला निर्णय मोठ्या विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला, हे आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात, तेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला त्या पदाच्या श्रेणीचा किमान पगार मिळाला पाहिजे, असे सांगितले. तो निकाल सरकारने थेट नेमलेल्यांचा. ठेकेदाराच्या माणसाला त्याचा आधार घ्यायचा तर युनियन लागते, वकील लागतो.

मग खाजगीत पगार वाढतच नाही का? वाढतो. पण वर्षे मोजून वाढत नाही, कंपनीचे पैसे वाचवणाऱ्याचा वाढतो. जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले नाही, तर माल घेणाऱ्या कंपनीची कराची वजावट अडकते. बिल पुढे पाठवण्याआधी हे तपासणारा कारकून आणि नुसते शिक्के मारणारा कारकून, दोघांत मालकाला फरक दिसतो. तसेच लहान उद्योगांच्या बिलांचे. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही. कोणता पुरवठादार लघुउद्योगात नोंदलेला आहे आणि कोणाचे दिवस भरत आले, याची यादी ज्याच्याकडे तयार असते त्याला साहेब नावाने हाक मारतात. परदेशी मालाची कागदपत्रे, कस्टम, बँकेची पतपत्रे हे ज्याला येते तो आणखी वर. संगणकावरील सॅप आणि एक्सेल तर आता लिहिण्यावाचण्याइतके गरजेचे झाले आहे. नवी मुंबईत मुख्यालय असलेली साहित्य व्यवस्थापनाची संस्था या विषयाच्या पदविका चालवते. सुरक्षारक्षकाची रात्रपाळी करून अभ्यास केलेली माणसे आपल्या वस्त्यांत आहेत, त्यांना हे जड नाही.

सरकारी खरेदीचेही रूप बदलले. २०१६ मध्ये 'जेम' हे सरकारी बाजाराचे पोर्टल सुरू झाले, आणि दिल्लीच्या ज्या जुन्या महासंचालनालयातून देशभरचे दरकरार व्हायचे ते ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाले. जाडजूड निविदा फायली बांधण्यात हयात गेलेल्यांना पडद्यावर बोली उघडायला शिकावे लागले.

एक अवघड बाब बोलायलाच हवी. मुलगा खरेदीत आहे म्हटले की सोयरिकीला आलेले पाहुणे हळूच विचारतात, "वरकमाई किती?" जणू पगारपत्रकात तोही एक रकाना आहे! दिवाळीला घरी येणारा मिठाईचा डबा, त्याखालचे पाकीट, यांची सवय घराला लागते ती आधी स्वयंपाकघरातून. न दिलेले घ्यायचे नाही हे दुसरे शील आपण दर रविवारी म्हणतो. पण शील बाजूला ठेवून नुसता व्यवहार पाहिला तरी हिशेब जुळत नाही. वरची सही साहेबाची असते, तक्ता कारकुनाच्या हातचा असतो. चौकशी लागली की पहिला निलंबित होतो तो तक्ता करणारा. आणि तो आपल्यातला असेल तर 'यांचे असेच' म्हणायला लोक टपलेले असतात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त भांडारपालाने आपल्याला तोंडी आलेल्या प्रत्येक सूचनेची तारीखवार टीप वहीत ठेवली होती. एकदा साडेतीन वर्षे चौकशी चालली. त्या वहीने त्यांची पेन्शन वाचवली.

या टेबलावर आपला माणूस असण्याचा आणखी एक अर्थ आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्ष खरेदी त्याच्या बरीच खाली राहत आली आहे. गणवेश शिवणाऱ्या आपल्या बाईला निविदा भरण्याची अनामत रक्कम माफ आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. टेबलामागच्या माणसाने झुकते माप द्यायचे कारण नाही. नियमात आहे तेवढे तिला समजावून सांगितले तरी पुरे.

त्या मुलाला आम्ही बोलावून घेतले. नोकरी सोडू नकोस म्हणालो, कारण घरी बसून अनुभव मिळत नाही. पण तीन गोष्टी लेखी माग. मूळ पगार किती, फंडाचा नंबर कधी मिळणार, आणि अकरा महिन्यांनंतर काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. तो सोमवारपासून कामावर जातो आहे. रेल्वेच्या पुढच्या जाहिरातीसाठी पदविकेच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र त्याच्या आईने एका पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे, आणि पेटीची किल्ली स्वतःच्या गळ्यात.