आधी रेंज, मग फोन

मोबाईल घेताना सातारा-सांगलीकडचा ग्राहक बहुधा आधी हँडसेट पसंत करतो, मग रिचार्जचे दर पाहतो, आणि घरात किंवा शेतात रेंज मिळते का हा प्रश्न त्याला पैसे भरून झाल्यावर पडतो. प्रीपेड पद्धतीत, म्हणजे आधी पैसे भरून ठरावीक मुदतीची सेवा घेण्यात, हा क्रम उलटा असायला हवा. अमेरिकेत दूरसंचार कंपनीकडूनच हप्त्याने फोन घेण्याची पद्धत रूढ असून असा फोन पुष्कळदा त्या कंपनीच्या सिमपुरताच जखडलेला असतो. भारतात हँडसेट आणि सिम यांची खरेदी सामान्यतः स्वतंत्र असते, त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य अधिक आणि चुकीच्या निवडीची जबाबदारीही ग्राहकाचीच. जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि सरकारी बीएसएनएल यांपैकी चांगली कंपनी कोणती, या प्रश्नाला या दोन जिल्ह्यांपुरतेही एकच एक उत्तर देता येत नाही.

याचे कारण भूगोलात आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळा हे तालुके सह्याद्रीच्या रांगांत वसलेले आहेत, तर माण, खटाव, आटपाडी, जत येथे माळ आणि विरळ वस्ती आहे. मोबाईलच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आडवा आला की त्याच्या पलीकडे लहरींची छाया पडते, आणि म्हणूनच शिवसागर जलाशयाच्या काठावरील तापोळा-बामणोली परिसरात, कांदाटी खोऱ्यात किंवा चांदोलीच्या बाजूला एका वळणावर चांगली चालणारी सेवा पुढच्या वळणावर बंद पडू शकते. हा बराचसा प्रदेश २०१० साली जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आत किंवा लगत आहे, त्यामुळे टॉवरसाठी जागा, वीज आणि परवानगी मिळवणे तिथे अवघड जाते. शिवाय मोजक्या उंबऱ्यांच्या वाडीतून टॉवरचा खर्च निघत नाही, हा खासगी कंपन्यांचा हिशेबही आहेच. देशातील अशा २४,६८० वंचित गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिचे काम बीएसएनएलकडे सोपवले, यावरून हे काम नफ्याच्या गणितात बसत नाही हे सरकारनेही मान्य केल्याचे दिसते.

डोंगराइतकेच महत्त्व वारंवारतेला, म्हणजे लहर एका सेकंदात किती वेळा कंप पावते या मापाला आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, कडांना थोडा वळसा घालतात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी माहिती भरपूर वाहतात, पण त्यांची धाव आखूड असते आणि दाट झाडी, दगडी भिंती किंवा काँक्रीटचा स्लॅब त्यांना लवकर अडवतो. पत्र्याच्या छपराखाली तर कोणतीच लहर नीट टिकत नाही. या वारंवारतांच्या ठरावीक पट्ट्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. जिओचे फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड ५, ३ आणि ४० वर चालते. ९०० मेगाहर्ट्झचा बँड ८, तर ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ होय, आणि बीएसएनएलच्या नव्या फोर-जीमध्ये हा बँड २८ वापरला जातो.

हँडसेटची निवड खरे तर इथून सुरू होते. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा बँडची यादी अधिक मोलाची असते, कारण टॉवर समोर असूनही त्याचा बँड हँडसेटमध्ये नसेल तर त्या टॉवरचा उपयोग शून्य. डोंगरी तालुक्यांतील ग्राहकाने बँड ५, ८ आणि २८ फोर-जीसाठी आहेत ना, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. काही फोनमध्ये ७०० मेगाहर्ट्झ फक्त फाइव्ह-जीसाठी दिलेला असतो, तो बीएसएनएलच्या फोर-जीला चालत नाही. जिओकडे टू-जी सेवाच नसल्याने तिचे सिम जुन्या बटणाच्या फोनमध्ये किंवा शेतपंपाच्या जुन्या बनावटीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये घालून उपयोग होत नाही. उसाला रात्री पाणी देण्यासाठी घरबसल्या मोटर चालू करणाऱ्या शेतकऱ्याने म्हणूनच स्टार्टरचे सिम स्वतःच्या फोनच्या सिमपेक्षा निराळ्या निकषावर घ्यावे.

रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असूनही इंटरनेट चालत नाही, ही तक्रार वेगळ्या प्रकारची आहे. तिथे लहर पोहोचलेली असते, पण टॉवरची क्षमता, म्हणजे एका वेळी किती जणांना सेवा देता येईल ती मर्यादा, संपलेली असते. सप्टेंबरात फुलांच्या हंगामातील रविवारी कास पठारावर, किंवा आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड येथे मुक्कामी असताना हे घडणे स्वाभाविक आहे, आणि अशा दिवशीच्या अनुभवावरून कंपनी बदलणे घाईचे ठरते.

कांड्या हे तसे फसवे मापही आहे, कारण किती ताकदीला किती कांड्या दाखवायच्या हे हँडसेट बनवणारा ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली लहरींची ताकद डीबीएम या एककात मिळते. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीसाठी उणे ९० च्या आसपास सेवा उत्तम चालते, उणे ११० च्या पुढे मात्र बोलणे तुटू लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. हे नकाशे पाहावेत, पण प्रत्येक घळीचा आणि घराच्या आतल्या खोलीचा हिशेब त्यांत नसतो. गावातील रेशन दुकानाचे ई-पॉस यंत्र, किराणा दुकानातील पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी पेटी आणि दूध संकलन केंद्र कोणत्या कंपनीच्या सिमवर चालते, ही चौकशी अधिक उपयोगी पडते.

दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची घेणे हा या भागात चैनीचा विषय नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली. अशा वेळी वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात आणि जनित्राला डिझेल पोहोचवायला रस्ता उरत नाही. मात्र एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बसवलेली असतात, त्यामुळे दोन्ही सिम एकाच खांबावर अवलंबून असतील तर दुसऱ्याचा उपयोग फारसा होत नाही, हेही तपासले पाहिजे.

जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, उमदीच्या बाजूला, फोन कधी कर्नाटक परिमंडळाचा, म्हणजे दूरसंचार सेवेच्या शेजारच्या विभागाचा, टॉवर पकडतो. देशांतर्गत रोमिंगचे वेगळे शुल्क आता बहुतेक रिचार्जमध्ये नसल्याने त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

दरांचा विचार शेवटी. २८ दिवसांच्या मुदतीचे रिचार्ज वर्षात १३ वेळा करावे लागते, ३० दिवसांचा पर्याय देणे ट्रायने २०२२ पासून बंधनकारक केले आहे, आणि केवळ बोलणे व एसएमएस यांपुरते स्वतंत्र पॅक ठेवण्याचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये आल्याने वडीलधाऱ्यांच्या साध्या फोनसाठी इंटरनेटचे पैसे मोजण्याची गरज उरलेली नाही. ज्या वाडीत फोर-जीच कसेबसे पोहोचते तिथे फाइव्ह-जी हँडसेटसाठी जादा पैसे घालण्यापेक्षा ते दुसऱ्या सिमच्या रिचार्जला लावणे शहाणपणाचे आहे.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची, म्हणजे पोर्ट करण्याची, सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून मिळालेला संकेतांक चार दिवस चालतो, आणि एकाच परिमंडळातील बदल कामकाजाच्या तीन दिवसांत होतो. तथापि नव्या कंपनीत गेल्यावर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. म्हणून आधी त्या कंपनीचे एक जादा सिम कमी मुदतीच्या रिचार्जवर घेऊन ते घरात, रानात आणि रोजच्या रस्त्यावर, शक्यतो भर पावसाळ्यात, वापरून पाहावे आणि मगच जुना क्रमांक हलवावा.